मेघांतील दप्तर

(नभोवाणीवरील भाषण)

कालिदासाच्या यक्षानें आपला निरोप मेघाच्या हवालीं केला तो रामगिरीवरून. हा रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें आहे. मेघानें निरोप न्यावा ही त्या काळीं केवळ कविकल्पना होती. परंतु त्याच विदर्भांत, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत, रोहणा नांवाचें गांव आहे. आणि त्या गांवच्या शेतकऱ्याचा निरोप आज खरोखरीच एका निराळ्या मेघाकडे जातो. पेरलें काय, पाऊस पडला किती, पऱ्हाटीवर किडीचे पतंग किती दिसले, ही सारी माहिती बोटाच्या एका स्पर्शासरशी दूर कोठें तरी जाऊन पडते. तेथें तिच्यासारख्याच कोट्यवधि नोंदींशीं तिचा मेळ घातला जातो आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष सल्ल्याच्या रूपानें परत गांवीं येतो. निदान तो यावा अशी अपेक्षा असते. ह्या दूरच्या ठिकाणास इंग्रजींत क्लाउड, म्हणजे मेघ, असें नांव पडलें आहे. हा मेघ काय आहे, मोठमोठ्या संस्था आपलें दप्तर त्याच्या स्वाधीन कां करितात, आणि त्यापासून रोहण्याच्या शेतकऱ्यास व शहरांतील गृहस्थास काय लाभ व काय धोका आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आकडे गोळा करणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. कापसाच्या ह्या मुलखांत तर ती फार जुनी आहे. पुलगावपासून आर्वीपर्यंत अरुंद रुळांचा लोहमार्ग 1917 सालीं घातला गेला तो मुख्यतः कापसासाठीं. गाड्या किती लागतील, गांठी किती निघतील, बाजारांत भाव काय राहील, ह्या साऱ्या प्रश्नांच्या मुळाशीं एकच प्रश्न असे, तो म्हणजे यंदा कापूस पिकेल किती? त्याचें उत्तर पटवाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असे. पटवारी बांधावर उभा राहून पिकावर नजर टाकी, आणि रुपयांत इतके आणे पीक आहे असें ठरवी. सारा माफ व्हावा असें वाटणारा एक पक्ष, तो वसूल व्हावा असें वाटणारा दुसरा. ह्या दोहोंच्या ओढाताणींत खरा आकडा सांपडणें कठीणच होतें.

ही अडचण दूर करण्याचें श्रेय ज्यांस द्यावयाचें त्यांत दोन महाराष्ट्रीय विद्वानांचीं नांवें ठळक आहेत. सातारा जिल्ह्यांतील बुध ह्या गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे एक, आणि इंदूरच्या कापूस-संशोधन संस्थेंत काम केलेले डॉ. वि. गो. पानसे हे दुसरे. 1940 नंतरच्या दशकांत त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, सारें शेत मोजण्याची गरज नाहीं आणि नजरेचा अंदाजहि नको. चिठ्ठ्या टाकून कांहीं गांवें निवडावींत, गांवांतून तशींच कांहीं शेतें निवडावींत, शेतांतील ठराविक मापाचा तुकडा आंखून त्यांतील पीक कापावें व तोलावें. एवढ्यावरून जिल्ह्याचें उत्पन्न सांगतां येतें, आणि त्यांत चूक किती असूं शकेल हेंहि सांगतां येतें. पीककापणी प्रयोगाची ही रीत अद्यापि चालू आहे. 2025 च्या खरीप हंगामापासून महाराष्ट्रांत एक रुपयांतील पीकविमा बंद झाला आणि भरपाईचा निर्णय ह्या कापणीच्या उत्पन्नाशींच बांधण्यांत आला. सारांश, आठ दशकांपूर्वीं घालून दिलेली ही शिस्त आजहि शेतकऱ्याच्या पदरीं काय पडावयाचें तें ठरविते.

परंतु ह्या पद्धतीस एक मर्यादा आहे. पीक कापल्यावर तें किती आलें हें ती सांगते. पीक उभें असतां त्यावर येणारें संकट ती सांगूं शकत नाहीं. कीड ही पंचनाम्याची वाट पाहत नसते. 2008 च्या पावसाळ्यांत विदर्भांतील सोयाबीनवर तंबाखूचीं पानें खाणारी अळी तुटून पडली, आणि नुकसान डोळ्यांस दिसेपर्यंत उपायाची वेळ निघून गेली होती. तेव्हां 2009 सालापासून महाराष्ट्राच्या कृषि खात्यानें कीड व रोग यांच्या सर्वेक्षणाची आणि सल्ल्याची एक योजना सुरू केली. ‘क्रॉपसॅप’ हें तिचें संक्षिप्त नांव. गांवोगांवीं नेमलेले निरीक्षक ठराविक शेतें व चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडलेलीं शेतें अशीं दोन्ही पाहतात. झाडें मोजतात, अळ्या मोजतात, सापळ्यांतील पतंग मोजतात. ही मोजदाद संगणकावर चढते. दिल्लीची राष्ट्रीय कीड-व्यवस्थापन संस्था आणि राज्यांतील कृषि विद्यापीठें तिचा अर्थ लावतात, आणि जेथें किडीची संख्या नुकसानीच्या पातळीपर्यंत पोंचली असेल तेथील शेतकऱ्यांस मोबाईलवर संदेश जातो. प्रथम सोयाबीन व कापूस, पुढें तूर, हरभरा आणि भात, अशीं पिकें तींत येत गेलीं.

ह्या उद्योगाचें महत्त्व किती आहे हें 2017 सालीं विदर्भास फार कडू रीतीनें कळलें. त्या वर्षीं गुलाबी बोंडअळीनें कापसाचा घास घेतला. जिच्यापासून संरक्षण मिळावें म्हणून बीटी वाण घेतलें गेलें होतें, त्याच अळीला तें वाण पचूं लागलें होतें. ह्या अळीची रीत मोठी कपटी आहे. पतंग रात्रीं फिरतो, पात्यांवर व बोंडांवर अंडीं घालतो. अंड्यांतून निघालेली अळी लवकरच आंत शिरते, आणि तिच्या मागें छिद्रहि बुजून जातें. बाहेरून बोंड हिरवेंगार, आंत सरकी खाल्लेली व रुई डागळलेली. फूल नीट न उमलतां गुलाबाच्या कळीसारखें मिटून राहिलें तर त्यास शेतकरी डोमकळी म्हणतो. ती दिसली कीं शत्रु घरांत शिरला असें समजावें. आंत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोंचत नाहीं. म्हणून फवारणी करावयाची तर योग्य त्या थोड्या दिवसांतच केली पाहिजे. आधीं केली तर पैसा व्यर्थ, नंतर केली तर पैसाहि व्यर्थ आणि पीकहि. त्याच हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकाची बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. औषधांचीं मिश्रणें, अंगावर संरक्षक वस्त्र नसणें, अशीं त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु टाळतां आलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे एका माणसावरील टाळतां आलेला धोका, हें विसरतां येणार नाहीं. आकड्यांचा हा विषय रुक्ष वाटतो खरा. पण त्याच्या मागें घरांतील कर्त्या माणसाचा जीव उभा आहे.

आतां ह्या आकड्यांची रास किती होते तें पाहूं जातां मन थक्क होतें. महाराष्ट्रांत 2017 पासून ‘महावेध’ योजनेखालीं महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं. तापमान, हवेंतील आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग व वाऱ्याची दिशा, अशीं पांच मापें दर दहा मिनिटांनीं नोंदावीं अशी त्यांची योजना. हिशेब सोपा आहे. एका केंद्राच्या दिवसांत 144 वेळां नोंदी. केंद्रें दोन हजार धरलीं तरी 2,88,000. आणि पांच मापांचे मिळून 14,40,000 आकडे. हे एका दिवसाचे. एखादा कारकून सेकंदास एक आकडा ह्या वेगानें, न जेवतां न झोंपतां, वाचीत बसला तर एका दिवसाचे आकडे वाचण्यास त्यास साडेसोळा दिवसांहून अधिक काळ लागेल. वर्षाची बेरीज बावन्न कोटींवर जाते. त्यांत क्रॉपसॅपच्या नोंदी, उपग्रहांनीं घेतलेलीं छायाचित्रें, बाजार समित्यांचे भाव आणि शेतकऱ्यांनीं पाठविलेलीं चित्रें मिळविलीं म्हणजे जें होतें त्यास इंग्रजींत ‘बिग डेटा’ म्हणतात. मराठींत त्यास माहितीचा महापूर म्हणावें. राशि, वेग आणि विविधता हीं त्याचीं तीन लक्षणें होत. कोठारांत ठेवलेल्या धान्याप्रमाणें ही माहिती स्वस्थ राहत नाहीं. ती नदीप्रमाणें अहोरात्र येत असते, आणि तिच्यांत आंकडा, अक्षर, चित्र व नकाशा यांची सरमिसळ असते.

हा पूर एका यंत्रांत मावत नाहीं. मोठें यंत्र आणावें तर तें महाग, आणि उद्यां तेंहि अपुरें. ह्यावर जो मार्ग निघाला तो थोर बुद्धीचा असला तरी समजण्यास कठीण नाहीं. आर्वीच्या बाजारांत एके दिवशीं हजार गाड्या कापूस आला आहे, आणि कोणत्या गांवाहून किती क्विंटल आला हें संध्याकाळपर्यंत सांगावयाचें आहे, अशी कल्पना करावी. एक मापारी कितीहि तरबेज असला तरी हें त्याच्यानें व्हावयाचें नाहीं. परंतु शंभर मापारी लावले आणि प्रत्येकास दहा गाड्या वांटून दिल्या तर प्रत्येकजण आपल्या गाड्या तोलील व गांवाचें नांव आणि वजन लिहून चिठ्ठ्या करील. मग रोहण्याच्या साऱ्या चिठ्ठ्या एकाकडे, विरुळच्या दुसऱ्याकडे, अशा वांटून दिल्या कीं बेरजा चटकन होतात. पहिलें काम फोड करण्याचें, मधलें वर्गवारीचें, शेवटचें गोळाबेरजेचें. गूगल कंपनीच्या दोन अभियंत्यांनीं, जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनीं, 2004 सालीं हीच युक्ति हजारों साध्या संगणकांस कशी लावावी हें प्रसिद्ध केलें. दोनच वर्षांनीं, 2006 सालीं, त्या धर्तीवर ‘हडूप’ नांवाची आज्ञावली निघाली. ती सर्वांस मोफत वापरतां येते. तिच्या कर्त्याच्या मुलाचा एक खेळण्यांतला हत्ती होता. त्याच्या नांवावरून हें नांव पडलें. ह्या पद्धतींत माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या साधारणतः तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवितात. एखादा मापारी मध्येंच आजारी पडला तर त्याच्या गाड्या दुसऱ्याकडे वळवाव्या, तसें एक यंत्र बंद पडलें तरी काम अडत नाहीं.

परंतु असे शंभर मापारी बारमाही पदरीं ठेवावयाचे म्हणजे पगाराचा बोजा आलाच. येथेंच मेघाचा प्रवेश होतो. जिनिंगच्या कारखान्याची रीत ह्या भागांतील मुलांसहि ठाऊक आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तेथें माणसांची वर्दळ असते. पावसाळ्यांत फाटक बंद. शहाणा मालक हंगामापुरतीं माणसें लावतो, हंगामापुरत्या गाड्या भाड्यानें घेतो. मेघ-संगणन म्हणजे संगणकांची अशीच भाडेपट्टी होय. कोणा मोठ्या कंपनीनें किंवा सरकारनें प्रचंड इमारतींतून हजारों संगणक मांडून ठेवलेले असतात. ज्या संस्थेस जितके पाहिजेत तितके तिनें इंटरनेटवरून जोडून घ्यावे, काम झालें कीं सोडून द्यावे, आणि वीजमंडळाच्या मापकाप्रमाणें जितका वापर तितके पैसे भरावे. अ‍ॅमेझॉन कंपनीनें 2006 सालीं हा धंदा ह्या स्वरूपांत सुरू केला. भारत सरकारनें 2014 सालीं आपल्या खात्यांसाठीं असा मेघ उभा केला व त्यास ‘मेघराज’ हें सुंदर नांव दिलें. महाराष्ट्र सरकारनें जानेवारी 2018 मध्यें सार्वजनिक मेघाविषयीं आपलें धोरण जाहीर केलें. भारतांतील राज्यांत अशा प्रकारचें तें पहिलें धोरण होय.

नांवाविषयीं मात्र गैरसमज नसावा. अभियंते आपल्या आराखड्यांत दूरच्या तारायंत्रांचें जाळें तपशील न दाखवितां ढगाच्या आकृतीनें दाखवीत असत, त्यावरून हें नांव रूढ झालें. हा मेघ आकाशांत नाहीं. तो जमिनीवरच आहे. नवी मुंबईंत ऐरोली-महापे भागांत त्याच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्याला अखंड वीज लागते, यंत्रें थंड ठेवण्यास पाणी वा शीतयंत्रें लागतात, आणि पहाऱ्यास माणसें लागतात. आकाशांतल्या मेघाप्रमाणें तो फुकट वर्षत नाहीं.

भाडेपट्टीचा लाभ कोठें दिसतो तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रांत ‘ई-पीक पाहणी’ सर्वत्र सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या साह्यानें ही आज्ञावली तयार झाली. सातबाऱ्यावर पीक कोणतें लिहावयाचें तें आतां शेतकऱ्यानें स्वतःच शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून नोंदवावयाचें. चित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशहि जातात. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सुमारें 1 कोटी 53 लाख शेतखातीं आहेत. त्या साऱ्यांच्या नोंदी दोन महिन्यांत समप्रमाणानें आल्या तर रोज अडीच लाख होतील. पण माणसाचा स्वभाव असा कीं, काम शेवटच्या आठवड्यावर ढकलावयाचें. त्यांत शेतकऱ्याचा दोषहि नाहीं. कधीं पाऊस लागलेला, कधीं खांबावरचा संपर्क तुटलेला, कधीं निंदणास मजूर मिळालेले. शेवटच्या दिवसांत यंत्रणेवर ताण पडला, मुदत वाढवावी लागली, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून वेळोवेळीं आल्या. शेतकऱ्यास त्याचा अर्थ एकच होतो. नोंद नाहीं तर पीक नाहीं. पीक नाहीं तर मदत नाहीं, विमा नाहीं, हमीभावाच्या खरेदींत जागा नाहीं. शेवटच्या आठवड्यापुरते दहापट संगणक जोडून घेण्याची सोय असणें, हा मग केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न राहत नाहीं. तो न्यायाचा प्रश्न होतो.

माहितीचा अर्थ लावणें हें त्यापुढचें काम. कापसाच्या शेतांत कामगंध सापळा टांगलेला असतो. मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध त्यांत ठेविलेला असल्यानें नर पतंग त्यांत येऊन अडकतात. एका सापळ्यांत रात्रीं सरासरी आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्रीं सांपडले, म्हणजे उपायाची वेळ आली असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. हा नियम एका शेतापुरता कोणासहि पाळतां येतो. परंतु शेजारच्या गांवीं काय झालें, गेल्या आठवड्यांत रात्रीचें तापमान किती होतें, हवेंत दमटपणा किती होता, पेरणी कोणत्या तारखेची, मागच्या वर्षीं ह्या भागांत फरदड किती दिवस उभी होती, ह्या साऱ्यांची सांगड घातली तर पतंगांची लाट उद्यां कोणत्या बाजूस सरकेल याचा अंदाज बांधतां येतो. एकट्या शेतकऱ्याच्या अनुभवांत जें सांपडत नाहीं तें लाख शेतकऱ्यांच्या अनुभवाची एकत्र मांडणी केल्यानें सांपडतें. संस्थांनीं माहितीचें पृथक्करण करावयाचें तें ह्यासाठीं. भिंतीवर रंगीत आलेख टांगण्यासाठीं नव्हे.

येथें आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. 2018 सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेनें सापळ्यांतील पतंगांचें छायाचित्र काढतांच ते मोजणारी व सल्ला देणारी आज्ञावली तयार केली. 2019 सालीं गूगलच्या दानसंस्थेनें ह्या कामास वीस लक्ष डॉलरांचें साह्य दिलें. यंत्रास पतंग ओळखावयास शिकविणें हें अवजड काम मोठ्या संगणकांवरच होणार. पण शिकलेली विद्या इतकी आटोपशीर करण्यांत आली कीं, साध्या मोबाईलवर, संपर्क नसतांहि, ती चालावी. ह्याचें मर्म असें कीं, सारेंच मेघाकडे पाठवावयाचें नसतें. जें काम बांधावर होऊं शकतें तें बांधावरच करावें, आणि ज्यास हजारोंची एकत्र बुद्धि लागते तेंच वर पाठवावें. गांवचा तंटा गांवांत मिटत असतां हायकोर्टांत कोण जातो?

इतकें गुणगान झाल्यावर दोषांकडेहि पाहिलें पाहिजे. इंग्रजी अमदानीपासून एक चुटका सांगितला जातो. मोठमोठे साहेब आंकड्यांचीं घनमूळें काढतात, सुंदर तक्ते रचतात. परंतु मुळांत तो आंकडा गांवच्या चौकीदारानें आपल्या लहरीप्रमाणें लिहिलेला असतो. चौकीदाराच्या हातीं आज मोबाईल आला आहे एवढाच फरक. निरीक्षकानें शेतांत न जातां झाडाखालीं बसून संख्या भरली, तर हजार संगणक मिळूनहि त्या खोट्याचें खरें करूं शकणार नाहींत. उलट तें खोटें अधिक झोकदार दिसूं लागेल. हवामान केंद्राचीहि गोष्ट अशीच. एका मंडळांत पुष्कळ गांवें असतात आणि केंद्र एक. नाल्याच्या अलीकडे गारांनीं शेत झोडपावें आणि पलीकडे ऊन असावें, हें विदर्भांत नवल नाहीं. केंद्राच्या नोंदींत पाऊस नाहीं म्हणून ज्याचें पीक वाहून गेलें त्यास तुझें नुकसान झालेंच नाहीं असें सांगणें, ही विद्या नव्हे, विद्येचा दुराग्रह होय. सरासरीच्या नदींत बुडणारा मनुष्य एकटाच बुडतो. म्हणून यंत्राच्या निर्णयावर अपील ऐकणारा, शेतावर येऊन पाहणारा मनुष्य शेवटीं हवाच.

दुसरा प्रश्न मालकीचा. शेतकऱ्याचें क्षेत्र, पीक, कर्ज, बँकेचें खातें, हीं सारीं एकत्र झालीं म्हणजे त्याच्या गरजेचें चित्र परक्यास उघडें होतें. कोणत्या गांवीं पीक बुडालें हें कृषि खात्यास आधीं कळलें तर मदत पोंचते. तेंच व्यापाऱ्यास किंवा सावकारास आधीं कळलें तर भाव पाडतां येतो आणि व्याज चढवितां येतें. माहिती तीच, परंतु ती कोणाच्या हातीं आधीं पडली ह्यावर तिचें फळ ठरतें. सर्वोच्च न्यायालयानें 24 ऑगस्ट 2017 रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि 2023 सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला. माहिती ज्या कामासाठीं घेतली त्याच कामासाठीं वापरावी, हें त्याचें मुख्य सूत्र आहे. कायदा झाला तरी त्याची जाग समाजास असावी लागते. नाहींतर तो कपाटांतच राहतो.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल कीं, हें सारें रोहण्याचें झालें, त्याच्याशीं पुण्या-मुंबईच्या घरांचा संबंध काय? संबंध दुहेरी आहे. एक तर घरांतील धोतर-लुगडें, चादर आणि तुरीची डाळ ह्याच शेतांतून येते. अंदाज चुकला तर त्याची झळ महिनाअखेरच्या वाणसामानाच्या यादीस लागतेच. दुसरें असें कीं, ज्या सहकारी बँकेंत ठेव आहे, ज्या शाळेंत मुलें आहेत, ज्या रुग्णालयांत आजाऱ्याचे कागद आहेत, त्या संस्थाहि आपलें दप्तर मेघाच्या स्वाधीन करूं लागल्या आहेत. अशा संस्थांच्या कारभारी मंडळांत बसणाऱ्या गृहस्थांनीं व भगिनींनीं कांहीं प्रश्न अवश्य विचारावे. माहिती कोणत्या देशांत, कोणाच्या कुलुपांत राहणार आहे? किल्ली संस्थेजवळ आहे ना? उद्यां भाडेकरूस घर बदलावेंसें वाटलें तर दप्तर सुखरूप परत मिळेल काय, कीं तें नेण्याचाच खर्च जबर पडेल? वापराप्रमाणें बिल येणार तर विसरून चालू ठेवलेल्या यंत्रांचा हिशेब कोण ठेवील? घरांत दिवा जळत राहिला तर आई ओरडते. मेघांतील दिवा जळत राहिला तर महिन्यानें बिलच ओरडतें. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा कीं, ह्या पृथक्करणांतून कोणता निर्णय बदलणार आहे? उत्तर नसेल तर माहिती सांठवूं नये. ज्या आंकड्यावरून कांहींच करावयाचें नाहीं, तो गोळा करणें म्हणजे न पेरावयाचें बी घरांत भरून ठेवण्यासारखें आहे. त्यास कीड मात्र लागते.

संस्था लहान असेल तर लाजण्याचेंहि कारण नाहीं. हजार सभासदांच्या पतपेढीचा हिशेब एका साध्या संगणकांत मावतो. तिनें महापुराचीं साधनें भाड्यानें घेणें म्हणजे ओढ्यावर आगबोट आणणें होय. साधन कामाच्या मापाचें असावें, हा सुखात्मे-पानसे यांचाहि धडा आहे. त्यांनीं सारा जिल्हा न मोजतां मोजक्या शेतांवरून सत्य काढलें. थोडी पण निर्मळ माहिती ही पुष्कळ पण गढूळ माहितीपेक्षां केव्हांहि श्रेष्ठ. मेघ आला म्हणून चाळणी टाकून द्यावयाची नाहीं.

अखेर कसोटी एकच ठेवावी, आणि ती रोहण्याच्या बांधावर ठेवावी. भारतीय हवामान खात्यानें व त्याच्या सहकारी संस्थांनीं 2019 सालीं शेतकऱ्यांसाठीं जी मोबाईल-सेवा काढली तिचें नांवहि ‘मेघदूत’ असेंच आहे. दर मंगळवारीं व शुक्रवारीं जिल्ह्याजिल्ह्याचा हवामानविषयक सल्ला तींत यावा अशी तिची योजना. नांव ठेवणाराची रसिकता वाखाणण्यासारखी आहे. परंतु दूताचें काम अर्ध्यावर संपत नसतें. शेतकऱ्यानें पाठविलेला निरोप वर गेला, त्याची मोजदाद झाली, तक्ते झाले, मंत्रालयाच्या भिंतीवर नकाशाहि लागला. पण उलट निरोप वेळेवर, त्याच्या बोलींत, त्यास उमजेल असा परत आला कीं नाहीं? बोंडांत अळी शिरण्यापूर्वीं तो आला तर मेघ वर्षला असें म्हणावें. शिरल्यावर आला तर तो नुसताच गडगडला.

संध्याकाळीं रोहण्याचा एखादा शेतकरी सापळ्यांतील पतंग मोजतो, बोटें पुसतो आणि आकडा भरतो. त्या एका आकड्यांत त्याचा कांहीं वेळ आहे, थोडी आशा आहे आणि पुष्कळसा विश्वास आहे. त्या विश्वासाची परतफेड करणें हेंच माहितीचा महापूर सांभाळणाऱ्या साऱ्या संस्थांचें पहिलें कर्तव्य होय.